साबणबाई

"साबण लावल्याशिवाय आत कुणी यायचं नाही." नर्मदाबाई बाळंतखोलीच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

आत मंजुळा कण्हत होती. बाहेर तिची सासू शकू तळतळत होती, "बाय, बाजूला हो! तुज्या साबनासाठी पोरीच्या कला थांबनार हायत का?"

सुईण ठकी मात्र पायरीवर बसली होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून. नवापुरातली कितीतरी पोरं त्या हातांवर जन्मली होती. ठकीच्या हाताला गुण आहे, असं सगळं गाव मानायचं. आणि साबण लावला की गुण धुऊन जातो, हेही मानायचं. पावसाळ्यात या खोलीत जन्मलेली दोन तान्ही मुलं धनुर्वाताने गेली, तरी ठकीच्या हातांकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. नर्मदाबाईंनी दाखवलं. गावोगावच्या बाळंतखोल्या तपासायच्या, ही त्यांची नोकरी. धुतलेले हात, नाळ कापायचं उकळलेलं पातं, स्वच्छ फडकं, यांतलं काही चुकलं तर खोलीला कुलूप घालायचा त्यांना अधिकार होता.

"घाल, घाल कुलूप!" शकू म्हणाली. "सुनेला वालूत बालंत करते मी!"

"साबणबाय ती," अंगणातली एक बाई म्हणाली. "नवऱ्यालापन उकलून घेतला आसंल!"

बाया हसल्या. नर्मदाबाईंच्या मुलीचे, हंसाचे कान तापले. शाळेला सुट्टी म्हणून ती पालघरहून आईबरोबर आली होती. स्वतः शिकवायला लागली तरी आईच्या या नावाने तिचा पिच्छा सोडला नव्हता. कुणी विचारलं की ती 'नर्सबाईंची मुलगी' असं सांगायची. आत्ताही पिशवी छातीशी धरून ती भिंतीला टेकली होती. आज सोडून दे आई, असं मनात म्हणत होती.

आतून मंजुळाची किंकाळी आली.

नर्मदाबाई पायरी उतरल्या आणि ठकीसमोर उकिडव्या बसल्या.

"ठकी, हात दे. मी धुते."

"गुन जाल माजा."

"जाऊन जाईल कुठं? माझ्या हातात उतरेल. मूल झालं की परत घे."

ठकीने त्यांना निरखलं. "आनि नाय दिलास तर?"

"तर बाळंतपणं मी करीन. तू बस बोंबील वाळवत."

ठकीला हसू आवरलं नाही. हात पदरातून बाहेर आले. तान्ह्या मुलाला न्हाऊ घालावं तसे नर्मदाबाईंनी ते धुतले; नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, मनगटापर्यंत.

मुलगा झाला. निघताना ठकीने तळवे पुढे केले. नर्मदाबाईंनी आपले तळवे त्यांवर टेकवले. "घे. सगळा दिला."

परतीच्या एस.टी.त हंसा खिडकीबाहेर बघत राहिली. "भूक लागली का गं?" आईने विचारलं. "नाही," ती म्हणाली. वाटभर तेवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या सकाळी नर्मदाबाई उमरोळीला तपासणीसाठी गेल्या. स्टेशनच्या बाकावर टेकल्या, त्या उठल्याच नाहीत.

दिवसकार्य आटोपल्यावर हंसा एकटीच नवापूरला आली. आईच्या पिशवीतला साबण आणि पात्यांचा डबा खोलीवर द्यायचा होता. ठकी पायरीवरच बसली होती, हात पदरात. आत कुणीतरी कण्हत होतं. तारापूरच्या बांधकामावर आलेल्या पुंजारामची बायको होती ती. त्याची आई रंभाबाई ठकीला ओढत होती, "आगं ऊठ की! लेकरू आडून बसलंय!"

"उठते गं." मग हंसाकडे बघत ठकी म्हणाली, "आशीच जाते. हात कुनाकडनं धुवून घेऊ? तुजी आई व्हती तवा गुन ठेवायला जागा व्हती."

दारात आडवं उभं राहायला आज कुणी नव्हतं.

हंसाने पिशवी खाली ठेवली. बादली ओढली. ठकीसमोर उकिडवी बसली.

"मावशी, हात दे."

ठकी हलली नाही. रंभाबाईने कपाळावर हात मारला. "आता ही कोन म्हनायची?"

हंसाने साबण पाण्यात बुडवला.

"मी साबणबाईची मुलगी."

ठकीचे हात पदरातून बाहेर आले.