तळ्यावरची हिरवी शाल

रविवारी सकाळी दिंडोशीच्या वसाहतीमागचं तळं काठोकाठ हिरवं झालं आणि निम्मी वसाहत चपला हातात घेऊन काठावर जमली. शुक्रवारी ते अर्धंच झाकलं होतं. तेव्हा झोळी घेऊन काठावर मुक्कामाला आलेले चंद्रप्रकाश महाराज म्हणाले होते, "परवा देवीची शाल पुरी होईल." झाली की!

दत्ताराम सर्वांत पुढे. मालवणकडचा गडी, गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं सगळ्यांचं मागणं, कानावर पडलं की होकाराला तोंड आधी उघडायचं, डोकं मागाहून यायचं. महाराजांनी हे पहिल्याच दिवशी हेरलं होतं. त्यांनी गाऱ्हाणं घातलं:

"जी मुलगी उद्यापासून सात दिवस इथं बसेल, तिला देवी बोर्डात पहिली आणील रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दत्ताराम गरजला.

त्याची ऋतिका दहावीत होती.

"पप्पा, उद्या गणिताची प्रिलिम आहे ना!"

"गप गं. दोन दिवसांत अर्धं तळं भरलं. आहे हे तुझ्या गणितात?"

"तेच तर आहे!" ऋतिकाने वही उघडली. अनुपमा बाईंनी शाळेच्या गॅलरीत टब ठेवून त्यात हीच टिकलीएवढी तरंगती पानं मुलांना मोजायला लावली होती. वीस, चाळीस, ऐंशी. दर दोन दिवसांनी दुप्पट. वहीत त्याखाली तळ्याचा हिशेब, त्यावर बाईंची बुधवारची सही: आज पाव, शुक्रवारी अर्धं, रविवारी पूर्ण.

"बुधवारी तर महाराजांनी तोंडही उघडलं नव्हतं," दत्तारामची बायको विमला म्हणाली.

महाराज गोड हसले. "बाळ, दोन आठवड्यांपूर्वी इथं काहीच नव्हतं."

"होतं. शंभरात एक भागसुद्धा नाही, म्हणून कुणी पाहिलं नाही. शेवटच्या एका दुपटीत अर्धं तळं भरतं, तेवढंच डोळ्यांत भरतं."

"मग पहिलं पान आणलं कोणी? देवीनेच ना?"

"तुमच्या झोळीला विचारा. तळाशी पानं अजून चिकटलीयत."

सगळ्यांच्या माना झोळीकडे वळल्या. वाळक्या हिरव्या टिकल्या! महाराजांनी झोळी पाठीमागे घेतली, पण जरा उशिराच.

ऋतिकाने हात जोडले. "बा देवा, ज्याला दोनाने गुणता येतं त्याला बाबा लागत नाही रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दत्तारामची मुलगी उद्या पेपरला बसेल रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठा आवाज दत्तारामचा. मग त्याने जीभ चावली.

"आता फिरवू नका," विमला म्हणाली. "चारचौघांत शब्द दिलाय."

दत्ताराम हसला. पहिल्यांदाच खाली वाकून त्याने पाण्यावरची पानं नीट पाहिली.

मंडळी, होकार हवा तेवढ्या मोठ्याने द्या. फक्त त्याआधी एकदा विचारा: काल किती होतं?