वाढत्या पायाचा बूट

मी एक जुना कापडी बूट आहे, उजव्या पायाचा. तळ रबराचा, रंग एके काळी तपकिरी. माझा डावा भाऊ शेजारीच पडलेला असतो, पण तो स्वभावाने गरीब. तक्रार करायची ती मलाच करावी लागते. आणि मित्रांनो, मोठ्या माणसांविषयी माझी तक्रार फार जुनी आहे.

दुसरी जागतिक लढाई संपली त्या साली मी हिंगोलीच्या एका दुकानात टांगलेला होतो. तिकडे जवळा बाजारच्या अलीकडे एका खेड्यात ग्यानबा नावाचा शेतकरी राहत असे. त्याचा मुलगा संतराम रोज अनवाणी जवळ्याच्या शाळेत जाई. वाट सगळी बाभळीच्या बनातून. आदल्या साली त्याच्या तळव्यात काटा मोडला, पाय पिकला आणि शाळा बुडली. ग्यानबाने तेव्हाच बजावले होते, "आणखीन एकडाव शाळा बुडली तर ढोरामागं जायचं." संतरामला शाळेची भारी गोडी. म्हणून त्याच्या आईने, शकुबाईने, बुटांचा हट्ट धरला. इथपर्यंत सगळे शहाण्यासारखे चालले होते.

ग्यानबा कापसाची गाडी घेऊन हिंगोलीला निघाला. मुलाला न्यायचे नाही, त्याच्या पायाचे माप तेवढे न्यायचे, अशी त्या घरची रीत. ज्वारीच्या धाटाची काडी पायाला लावायची आणि तेवढी मोडून घ्यायची. शकुबाईने काडी नीट मोडली. "वाढतं लेकरू हाय," म्हणून ग्यानबाने तिच्याहून दोन बोटे लांब काडी मोडली. ती काडी आजीच्या, द्वारकाबाईच्या, हाती लागली. वाढ आधीच धरली आहे हे तिला कुणी सांगितले नाही. तिने आपली आणखी दोन बोटे घातली. एवढ्यावर तरी थांबावे की नाही? दुकानात ती काडी पुढे करून ग्यानबा म्हणाला, "याच्यापरीस जरा मोठा दाखवा."

दुकानदाराने काडीकडे पाहिले, ग्यानबाकडे पाहिले. "पटेल, ये बच्चे का पाँव है के बाप का?"

"पोरगं वाढून राहिलं ना!" ग्यानबा ठासून म्हणाला.

मला जीभ आहे, पण बोलता येत नाही. नाहीतर मी तिथेच दोन शब्द सुनावले असते.

संतरामने मला हौसेने पायात घातले आणि पारापर्यंत धावला. मी वाटेतच चिखलात रुतून राहिलो आणि त्याचा पाय पुढे निघून गेला. तो तोंडावर आपटला. झाले! आजीने मला पुसले, कडुनिंबाच्या पाल्यासोबत फडक्यात बांधले आणि पत्र्याच्या पेटीत शालूखाली ठेवून दिले. "पाय भरू दे, मंग घालंल. नवं हाय, काहून मातीत घालवायचं?"

मित्रांनो, मी चालण्यासाठी जन्मलो आणि पेटीत पडलो. रोज सकाळी संतरामची अनवाणी पावले दाराबाहेर जाताना ऐकू यायची आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. पाहुणे आले की मात्र पेटी उघडायची. आजी मला हातावर घेऊन कौतुकाने दाखवायची, पाहुणे माझा तळ दाबून पाहायचे, "मजबूत हाय," म्हणायचे. मजबूत होतो, पण शालूखाली बाभळी थोड्याच उगवतात?

व्हायचे तेच झाले. वार्षिक परीक्षा तोंडावर आली आणि संतरामच्या उजव्या तळव्यात पुन्हा काटा मोडला. पाय टम्म सुजला, ताप चढला. बापाने त्याला गाडीत घालून हिंगोलीच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पाय चिरून काटा काढला आणि भलीमोठी पट्टी बांधून दिली. घरी आल्यावर संतराम भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. काय ठरले आहे ते त्याला ठाऊक होते.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ग्यानबा म्हणाला, "पायाला माती लागली तर पाय जाईल. आता ढोरंच बरी."

शकुबाई उठली. तिने पेटी उघडली, शालू बाजूला फेकला आणि मला बाहेर काढले. पट्टी बांधलेला तो पाय तिने हळूच माझ्यात घातला. मित्रांनो, मी बरोबर बसलो! डाव्या भावात तिने चिंध्या कोंबल्या, दोघांच्या नाड्या करकचून आवळल्या आणि संतरामला खांद्याचा आधार देत जवळ्याच्या वाटेला लागली. वाटेत दोन काटे माझ्या तळात घुसले. आत एकही जाऊ दिला नाही. संतराम परीक्षेला बसला आणि पासही झाला.

आता या घराने काही शिकावे की नाही? आजी गावभर सांगत सुटली, "मीच म्हनलं व्हतं, ढिला घ्या म्हून! कसा कामी आला!" ग्यानबा मान डोलवी. मी कपाळावर हात मारला असता, पण बुटाला हात नसतात.

पट्टी सुटली त्या दिवशी आजी फडके आणि कडुनिंबाचा पाला घेऊन आली. "दे, ठिवून देते. पाय भरला की घालंल."

शकुबाई पेटीवरच बसली. आयुष्यात पहिल्यांदाच ती सासूपुढे आवाज चढवून बोलली. "पेटीत ठिवायचंच आसल तर माझ्या लेकराचा पाय ठिवा, आत्याबाई. बूट बाहीर राहू द्या."

आजीने खाली पाहिले, हातातले फडके फाडले आणि त्याच्या चिंध्या स्वतःच माझ्या टोकात कोंबल्या.

त्यानंतर मी रोज चाललो. चिंध्या कमी होत गेल्या, तळ झिजत गेला. शेवटी संतरामचा अंगठा मला फाडून बाहेर आला, तेव्हा मला कोण आनंद झाला! मुलांनो, घरच्या मोठ्यांना सांगा, बूट घ्यायला आम्हालाच घेऊन चला. बूट मजबूत हवा, हे खरे. अंगठ्यापुढे बोटभर जागा असली की पुष्कळ झाली. आणि घेतला त्या दिवसापासून तो घाला. माझे कापड विटले तर विटू दे. मला भोके पडली म्हणून कुणी रडले नाही, आणि संतरामचा पाय शाबूत आहे.