एका पाकिटात दोन विहिणी

दवाखान्यात हाडांची घनता मोजायला रोज वीसेक बायका यायच्या. यंत्र चालवणाऱ्या बाईला मात्र एक कोडं काही केल्या सुटत नव्हतं. पाळी गेलेल्या ज्या बायकांना डॉक्टरीणबाई हार्मोनच्या गोळ्या लिहून देत, त्यांतल्या बहुतेकजणी वर्षाने येऊन सांगत, "घेतल्याच नाहीत." का बरं?

एका दुपारी ती सरळ औषधांच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"पाकीट हातात घेतात, किंमत वाचतात आणि बाम घेऊन जातात," औषधवाला म्हणाला. "तुमच्या वहिनी तेवढ्या नेमाने नेतात. पण काय हो, महिन्याचं पाकीट त्यांना दोन महिने कसं पुरतं?"

झालं! संध्याकाळी स्वारी वहिनीकडे. वहिनी शिवणयंत्रावर कॉलर लावत होती, शेजारी तिची विहीण काजं करत बसलेली.

"काय वन्सं, आज वाट चुकलात?"

"वहिनी, एक पाकीट दोन महिने कसं पुरवतेस गं?"

दोघी विहिणी खुदकन हसल्या. "गोळीचे दोन तुकडे. एक दिवस अर्धी मी, एक दिवस अर्धी या," वहिनी म्हणाली. " लेकीच्या लग्नात तोंडं फिरवून बसलो होतो, आता बघा एकी!"

"आणि विहीणबाईंची तपासणी?"

"मला कशाला? कंबर माझीही दुखतेच की," विहीण म्हणाली. "शिवाय खर्च निम्मा."

दुसऱ्या दिवशी यंत्रवालीने दोघींना डॉक्टरीणबाईंसमोर बसवलं. त्या न रागावता एकेक विचारत गेल्या. पायात कधी रक्ताची गुठळी?

"धाकट्याच्या बाळंतपणात झाली होती," विहीण सहज बोलून गेली.

"मग या गोळ्या तुम्हाला नकोतच, पुन्हा गुठळी होऊ शकते. आजपासून बंद!"

वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला.

"आणि तुम्ही रोज अख्खी घ्यायची," डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या. " हीच गोळी दुसऱ्या कंपनीची स्वस्त मिळते. परवडत नाही हे बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" वहिनी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर स्वस्त गोळीचं नाव लिहिलं आणि विहिणीला हाडांच्या तपासणीला धाडलं.

विहीण जीव मुठीत धरून यंत्रावर झोपली. वहिनी तिचा हात सोडेना, तिला बाजूला ओढावं लागलं. आकडे आले तेव्हा यंत्रवाल्या बाईने ते दोनदा पाहिले. विहिणीची हाडं ठणठणीत होती! कंबर धरत होती ती तासन्‌तास वाकून काजं केल्याने.

"सहा महिने माझ्या गोळ्या उगीच खाल्ल्यात की हो!" वहिनी म्हणाली, आणि डोळे पुसत हसत सुटली.

तेवढ्यात दारात पुढची बाई आली. यंत्रवालीने तिला बसवलं आणि आधी विचारलं, "औषधाला महिन्याला किती जमेल तुम्हाला?"