रक्तच तसं

निळ्या टोपणाची नळी तिनं उजेडात तिरकी धरली, आतलं रक्त काचेवरून संथ ओघळलं आणि तिला वाटलं, ही समोरच्या भिंतीवर आपटून फोडावी... वीस वर्षं ती लॅबमध्ये रक्त तपासत होती, असं कधी वाटलं नव्हतं. पण आज नळीवर भावजयीचं नाव होतं.

"तिला नुसतं बोट लागलं तरी काळंनिळं होतं गं, ताई," धाकटा भाऊ सकाळी फोनवर म्हणाला होता. "रक्तच तसं तिचं. रिपोर्टात येईलच बघ."

आणि आलं होतं. रक्त गोठवणारा घटक सत्तेचाळीस टक्के; निदान पन्नास तरी हवा. पण गट ओ — ओ गटाच्या माणसांत तो मुळातच पाव हिस्सा कमी — म्हणजे आजार म्हटलं तर आजार, नाही तर नुसता रक्तगट. आईचाही ओच. 'मला मेलं लगेच वळ उठतात,' आई शेजारणींना सांगायची, बाबा पट्टा खुंटीला अडकवून जेवायला बसायचे, आणि आपण — आपण धाकट्याचे कान घट्ट झाकून धरायचो. डोळे झाकायचे राहूनच गेले...

मघाशी सुई टोचताना भावजयीची बाही वर सरकली होती. दंडावर ओळीनं चार डाग, पाचवा मागच्या अंगाला. रक्त कसंही असो, ते आपण होऊन बोटांच्या आकारात साकळत नाही.

ती बाहेर बाकापाशी गेली. "ऊठ. पोलिसांत जाऊ. मी येते बरोबर."

भावजय जागची हलली नाही. "ताई, आजार आहे असंच लिहा ना."

"का?"

"आजारी बाईवर हात उचलताना ते जरा तरी कचरतील."

तिच्या मस्तकात तिडीक गेली. "कोडगी झालीस का गं!" — तिनं भावजयीला खांद्यांना धरून उभं केलं, गदागदा हलवलं, एकदा, पुन्हा एकदा, भावजय ओरडली नाही, सवयीनं फक्त कोपर चेहऱ्याआड नेलं.

तिनं भावजयीचे खांदे सोडले. जाणारी-येणारी माणसं थबकली होती. भावाचा जीव घ्यावा असं सकाळपासून वाटत होतं, अजूनही वाटत होतं. पण हलवताना, त्या दुसऱ्या वेळी, आत कुठंतरी बरं वाटलं होतं — मोकळं, हलकं, आणखी हवंसं... आणि ते बरं वाटणं अजून ओसरलं नव्हतं.