शेपटीकडून आलेले आकडे

बोट मामाची घ्यायची ठरली तेव्हाच भाचीला तिच्या आईने बजावलं होतं, "माझा सख्खा भाऊ आहे म्हणून सांगते, त्याला एक सांगितलं की तो दुसरंच करतो." पण भाचीच्या संशोधन संस्थेची बोट दुरुस्तीला गेलेली आणि मोसम संपत आलेला. अडला हरी, दुसरं काय.

काम तसं सोपं होतं. बोटीच्या कडेला खांबावर बसवलेल्या सोनार यंत्रातून पाण्यात आवाज सोडायचा आणि देवमाशाच्या अंगावर आपटून तो किती जोराने परत येतो ते मोजायचं. वाटेत देवमासा आहे हे मोठ्या जहाजांना आधीच कळावं, टक्कर टळावी, म्हणून हे आकडे हवे होते. रोज सकाळी भाची धातूचा एक गोळा दोरीने पाण्यात सोडून यंत्र तपासायची. त्या गोळ्याचा प्रतिध्वनी ठरलेला असे. गोळा कधी चुकला नाही. चुकायचा तो मामा.

देवमासा बोटीला आडवा हवा. त्याची कूस समोर आली की फुप्फुसांतल्या हवेवरून आवाज खणखणीत परतणार. पण दूरवर फवारा दिसला रे दिसला, की मामा सुकाणू वळवून थेट त्याच्या रोखाने निघायचा. देवमासा पाठ फिरवायचा आणि पडद्यावर शेपटीकडचा पुसटसा ठिपका उरायचा.

"मामा, बाजूने चल. आणि शंभर मीटरच्या आत जायची आपल्याला परवानगी नाही."

"अगं, जवळ गेल्याशिवाय दिसणार काय?"

"मला बघायचं नाहीये, ऐकायचंय."

"मग जवळूनच नीट ऐकू येतं की."

सहा दिवस हेच चाललं. सातव्या दिवशी एक देवमासा स्वतःहून आडवा होऊ लागला, तेवढ्यात मामाने त्याला बोलावल्यासारखा भोंगा वाजवला. देवमासा बुडाला. भाचीने कानांवरचा हेडफोन काढून टेबलावर आपटला.

"तुझ्यापायी माझं वर्ष फुकट जाणार आहे," ती म्हणाली. "आता कशालाही हात लावू नकोस."

मामाने इंजिन बंद केलं. तो मागे जाऊन तिच्याकडे पाठ करून बसला. साठीचा माणूस, पण रुसला की सहा वर्षांचा. भाचीला वाईट वाटलं, पण समजूत काढायला उठायचं त्राण तिच्यात नव्हतं.

बोट तशीच वाहत राहिली. पाऊण तासाने तोच की दुसरा कोण जाणे, एक देवमासा दीडशे मीटरवरून सावकाश आडवा गेला. एकेचाळीस प्रतिध्वनी मिळाले, एकाहून एक सरस. मामाने मान वळवून एकदा पाहिलं आणि पुन्हा फिरवली.

दुसऱ्या दिवशी बंदरावरच्या खोलीतून तिने विभागप्रमुख बाईंना फोन करून ते आकडे मोठ्या उत्साहाने वाचून दाखवले.

"छान," बाई म्हणाल्या. "पण कुशीचे आकडे तिघांनी आधीच दिलेत. शेपटीकडचे आहेत का तुझ्याकडे? मागून येणाऱ्या जहाजाला तेवढंच ऐकू येतं. आणि ते कुणी मोजतच नाही, सगळे देवमासा आडवा व्हायची वाट बघत बसतात."

भाचीने वहीची मागची पानं उलटली. "आहेत," ती शेवटी म्हणाली. "सहा दिवसांचे."

"सहा दिवस? मुद्दाम मागून गेलीस?"

"मी नाही, माझा मामा गेला," ती म्हणाली. त्याहून जास्त सांगणं तिच्या जिवावर आलं.

मामा धक्क्यावर बसून दोरखंड गुंडाळत होता. तिने जाऊन सगळं सांगितलं, चिडल्याबद्दल माफीही मागितली. आता हा आठवडाभर डोक्यावर बसणार, याची तिने मनाची तयारी केली होती. मामाने हातातला वेढा पूर्ण केला.

"म्हणजे उद्या मागूनच जायचं?"

"मागूनच. पण शंभर मीटर लांबून. भोंगा नाही."

"शंभर मीटर म्हणजे नेमकं किती गं?"

इतके दिवस त्याला हेच ठाऊक नव्हतं. भाचीने डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला आणि त्याला दंडाला धरून उठवलं. मग दोघं धक्क्याच्या कडेने पावलं मोजत निघाली. विसाव्या पावलालाच मामा म्हणाला की तिची पावलं फार लांब पडताहेत, हे काही खरं नाही.