आईशी बोलणे झाले

"कोणी मोठं आहे का वं घरात?" दामिनीने दाराशीच विचारलं.

"माय कामावर गेली," पायल म्हणाली. सातवीतली मुलगी. एका कडेवर दोन वर्षांची बहीण ऋतुजा, दुसऱ्या हातात लाटणं.

"मग थोडं पाणी दे."

प्रताप नगरच्या मागच्या त्या शाळेत दामिनीची नेमणूक मुलांच्या घरांसाठी होती. मूल येईनासं झालं की फोन करायचा, त्याने भागलं नाही तर घर गाठायचं. नऊ वर्षांत तिने स्वतःपुरता एक नियम केला होता. वही आधी काढायची नाही, आधी पाणी मागायचं. पाणी कोण आणतं, आणताना कोणाकडे बघतं, त्यावरून घर कोण चालवतं ते कळतं.

पायलने कोणाकडेच बघितलं नाही. ऋतुजाला खाली ठेवलं, गॅस बारीक केला, पेला विसळला आणि ताटलीवर ठेवून आणला.

शाळा सुरू झाल्यापासून दामिनीने सहा फोन केले होते. सहाही वेळा 'आईशी बोलणे झाले' या रकान्यात बरोबरची खूण होती. आता आईला गाठावं म्हणून तिने सातव्यांदा नंबर लावला. फोन घरातच, पिठाच्या डब्यावर वाजला.

पायलने सवयीने उचलला. "हलो, कोन बोलून राहिलं?"

सहाही फोनवरचा तोच दमलेला, थोडा घोगरा आवाज. ऋतुजा खेळता खेळता थांबली आणि दाराकडे बघू लागली.

दामिनीने फोन बंद केला. "कधी गेली?"

"मे महिन्यात वारली. उमरेडले, आजीकडं. कावीळ झाली होती."

"मग शाळेत काहून नाही सांगितलं?"

"बाबा म्हनते, शाळेतून एक बी तक्रार आली तं तुले नरखेडले आत्याकडं धाडतो. मंग हिले कोन पाहीन? बाबा सकाळी सहालेच मौद्याले कामावर जाते."

"मोठ्या बाईचा आवाज हुबेहूब काढतेस."

"काढा नाही लागत ताई. काम आटपलं का तसाच निघते."

दामिनीला चौथा फोन आठवला. त्या दिवशी ती चांगलीच रागावली होती. पोरीकडे जरा लक्ष द्या, तिची आई आहात तुम्ही, असं काहीबाही दोन मिनिटं सुनावलं होतं. पलीकडून उत्तर आलं होतं, "हो ताई, चुकलंच माझं."

तिने पाणी पिऊन टाकलं.

रविवारी ती पायलच्या वडिलांना, रुपरावांना भेटली. तक्रार घेऊन आली नाही, हे आधीच सांगितलं. फोनचं ऐकून ते कितीतरी वेळ पायातल्या चपलेकडे बघत राहिले. "मले तं कधी नाही ऐकवला तिनं तो आवाज," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "नाही धाडत नरखेडले."

शाळेशेजारच्या अंगणवाडीतल्या यमुताईंना तिने ऋतुजाला ठेवून घ्याल का म्हणून विचारलं. "तीनच्या आतलं लेकरू ठेवता येत नाही," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "पन झोपते का दुपारी?"

सोमवारी अकरा वाजले तरी पायलचा बाक रिकामाच होता. दामिनीने फोन लावला.

"हलो. पायलची माय बोलून राहिलो."

 दामिनी खुर्ची ओढून नीट बसली. "नमस्कार, पायलच्या आई. यमुताई वाट पाहून राहिल्या. काय झालं?"

"काही नाही ताई. पोरगी भेऊन राहिली. लहानी रडली तं?"

"रडली तर पायलला वर्गातून बोलवीन. अंगणवाडी शाळेपासून शंभर पावलांवर आहे."

 पलीकडे ऋतुजा काहीतरी आपटत होती.

"अजून एक सांगू का ताई? पायल लई दमली हाये. ते बोलत नाही कोनाजवळ."

"मला माहीत आहे. तुम्ही तिला रागवू नका."

"नाही रागवत." आवाज थोडा फाटला, पुन्हा सावरला. "पाठवतो. दोघींले बी."

दामिनीने वही उघडली. रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबलं. मग तिने आधीच्या सहा खुणांखाली तशीच सातवी खूण केली आणि फाटकापाशी जाऊन उभी राहिली.