बर्फाच्या तळाशी हाड

एर्देनची खोड काही जायची नाही. आईची पाठ वळली रे वळली की याला अक्कल फुटते! सारं घर भाचीच्या लग्नाला शहरात निघालेलं, आणि या शहाण्यानं निघता निघता सेरगाझी मांत्रिकाला बोलावून आईच्या फ्रीझरला ताईत बांधून घेतला. आईला न विचारता! वर मोबदला म्हणून एक मेंढी.

आई, म्हणजे दामेश अपा, परतल्या तर अंगणात ही गर्दी! मध्यंतरी वादळानं विजेच्या तारा तुटल्या होत्या. हिवाळ्यात कापून साठवलेलं घोड्याचं मांस घरोघरी बर्फ सुटून पाणी पाणी झालं, बायकांनी हळहळत पुरून टाकलं. मग वीज आली. एर्देननं सगळ्यांच्या आधी लग्नाहून परतून आपलं बंद घर उघडलं, तर फ्रीझरमधलं मांस दगडासारखं टणक! ताईताचाच गुण म्हणून त्यानं गावभर बोंब ठोकली.

कुणी आइस्क्रीमचा लगदा घेऊन आलं होतं, कुणी मेंढीचं मऊ पडलेलं डोकं. शेजारच्या कांशाइमनं तर नवराच आणला होता.

"याचं डोकं फार तापतं. ताईत चालेल?"

"चालेल," सेरगाझी म्हणाला. "पण तोंड बंद ठेवायचं. दार उघडलं की गुण जातो." त्यानं फ्रीझरवर चाबूक हाणला, थू थू केलं. "थंडीला गाठ मारलीय मी! वीज गेली तरी थंडी जाईल कुठे? दारात मी बसलोय!"

"तू तर तुझ्या घरी घोरत होतास," अपा म्हणाल्या.

"देहानं, अपा. फक्त देहानं."

अपांचा नातू नुकता चालायला लागला होता. उद्या त्याच्या पायांत दोरी बांधून ती कापायचा सोहळा. गावातली झाडून सारी पोरं फ्रीझरमधलं हेच मांस खाणार होती. सुनेनं कढईसुद्धा घासून ठेवली होती.

अपांनी कोपरानं गर्दी बाजूला सारली. गेल्या वर्षी वीज गेली तेव्हापासून त्या फ्रीझरमध्ये पाण्याचा वाडगा गोठवून ठेवत. बर्फावर एक हाड ठेवत, मेंढीच्या घोट्याचं, शिसं भरलेलं, पोरं नेम धरून खेळतात ते. त्यांनी वाडगा बाहेर काढला. वर नुसता बर्फ. हाड गायब!

त्यांनी वाडगा टेबलावर पालथा घातला. बर्फाचा गोळा निसटला. हाड वरच्या बाजूला रुतलेलं.

"बघा, वरच आहे!" सेरगाझी ओरडला.

"वाडगा मी पालथा घातलाय, गाढवा! हाड तळाला गेलं होतं. बर्फाचं पाणी झाल्याशिवाय बुडेल का ते? तुमचं मांस सुटलं तसंच माझंही सुटलं. तुम्ही घरी होतात म्हणून पाहिलंत, आमच्या घराला कुलूप होतं. वीज आली आणि पुन्हा गोठलं. एवढाच याचा चमत्कार!"

एर्देन चुळबुळला. "पण अपा, आता कडक आहे ना? उकळून खाऊ."

"गोठवून जंतू मरत नाहीत रे, झोपतात. उबेत मांस पडून राहिलं तेव्हा जागे होऊन वाढले. आता पोराबाळांसकट झोपलेत. त्यांचं विष उकळूनही जाईलच असं नाही. तुकड्यात बर्फ करकरत असता, किंवा फ्रिजच्या गारव्यात सुटलं असतं, तर मीच परत गोठवलं असतं. चव गेली असती, पोट शाबूत राहिलं असतं." त्या वळल्या. "सेरगाझी, तुझा ताईत खरा ना? मग ही बरगडी ने, आज तुझ्या घरी शिजू दे."

"मला... मांसाचं पथ्य आहे, अपा."

"आमची मेंढी खाल्लीस ती काय पालेभाजी होती?"

हशा पिकला. मेंढीचं डोकं हळूच पदराआड गेलं. सेरगाझीला घोड्यावर बसताना रिकीब सापडेना.

कांशाइम कुजबुजली, "घोड्याच्या मांसाशिवाय सोहळा? पाहुणे जन्मभर नावं ठेवतील."

अपांच्या काळजाला ते लागलं. या घरातून आजवर कुणी नुसत्या चहावर गेलं नव्हतं. पण त्यांनी मान ताठच ठेवली.

"ठेवू देत. नावं ठेवायला जिवंत तर राहतील! उद्या तळलेली भाकर, बटाटे आणि चहा. आणि ऐका ग बायांनो, जिनं तिनं आपल्या फ्रीझरमध्ये असा एक वाडगा ठेवावा. त्याला मोबदला लागत नाही."

मग त्यांनी ताईताची दोरी तोडून लेकाच्या हातात दिली.

"एर्देन, लहानपणी तुझ्याही पायांतली दोरी मीच कापली होती, आपल्या पायांनी चालावंस म्हणून. तू मोठा होऊन तीच डोक्याला बांधून घेतलीस. आधी डोळ्यांनी बघ, हातानं चाचप, चार प्रश्न विचार, मग विश्वास ठेव. मांस वाया गेलं त्याचं दुःख नाही मला, ते तू पोरांना वाढणार होतास त्याचं आहे. आता फावडं उचल. खड्डा खोल खण, कुत्र्यांनाही मिळता कामा नये!"